पोटावरची चरबी गालात भरली, तर ती टिकवायला तूप-लाडू खायचे का?

डोंबिवलीत फडके रोडवरून किंवा ठाण्यात गोखले रोडवरून चालताना मान जरा वर केली, की ‘स्किन, हेअर, लेझर’ अशी एखादी पाटी दिसतेच. घरी येऊन मोबाइल उघडला की त्याच विषयाची रील्स. पोटावरची चरबी काढायची आणि गालात भरायची. मांडीवरची काढायची आणि डोळ्यांखालच्या खड्ड्यात भरायची. बाहेरचं काही नाही, सामान स्वतःचंच, फक्त जागा बदलली. ऐकायला एकदम सोपं.

खरा गोंधळ त्यानंतरच्या रीलमध्ये होतो. तिथे सांगतात, की भरलेली चरबी जगवायची असेल तर तिला ‘खायला घाला’. परदेशी रील्समध्ये यासाठी ॲव्होकॅडो, लोणी आणि सुकामेवा सुचवतात. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येताना ॲव्होकॅडोचं तूप होतं आणि सुकामेव्याचा डिंकाचा लाडू. त्याच घरातली मोठी माणसं मात्र वेगळंच सांगत असतात. ऑपरेशन झालंय, टाके आहेत, महिनाभर भात नको, तूरडाळ नको, अंडं तर नकोच, पू होईल!

एकाचं म्हणणं भरपूर खा, दुसऱ्याचं म्हणणं निम्मं ताट बंद करा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. का, ते समजून घ्यायचं तर ही चरबी नव्या जागी जगते कशी, तिथून सुरुवात करावी लागेल.

प्रश्न फक्त हौसेचा नाही

चरबी रोपण, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत फॅट ग्राफ्टिंग, म्हटलं की डोळ्यांसमोर नट्या आणि इन्फ्लुएन्सर येतात. पण ते ज्यांच्यासाठी खरोखर महत्त्वाचं आहे, अशी माणसं याच लोकल लाइनवर राहतात.

२६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेस या कंपनीत स्फोट झाला. १२ जणांचा जीव गेला आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटून कितीतरी माणसं स्वतःच्या घरात, दुकानात बसल्या जागी जखमी झाली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा तसंच घडलं. मृतांचा आकडा पुन्हा दहाच्या पुढे गेला. बातमी तिथे संपते. भाजलेल्या किंवा काच घुसलेल्या माणसासाठी मात्र पुढची वर्षं उरतात. जखम भरते, पण व्रण कडक होतो, आकसतो, त्याच्याखाली खड्डा पडतो. अशा व्रणाखाली थोडी थोडी चरबी सोडली तर खड्डा भरतो आणि काही रुग्णांत वरची कातडीही मऊ पडते. भाजलेल्यांवर उपचार करणारं नॅशनल बर्न्स सेंटर ठाणे जिल्ह्यातच, ऐरोलीला आहे. पण व्रण सुधारण्याच्या या नंतरच्या टप्प्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरा मोठा गट स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या महिलांचा. कल्याण-डोंबिवलीहून परळच्या टाटा मेमोरियलला महिनोन्‌महिने लोकलने ये-जा करणारी कुटुंबं इथे नवीन नाहीत. गाठ काढल्यावर स्तनाला जो खळगा राहतो, तो भरायला पोटाची किंवा मांडीची चरबी वापरता येते. पण किमोनंतर आधीच अशक्त झालेल्या बाईच्या अंगावर काढण्याजोगी चरबी असते किती? पहिल्यांदा भरलेली जिरून गेली, तर दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा खर्च, आणि काढायला जागा आणखी कमी. म्हणून ‘काय खाल्लं तर टिकेल’ हा प्रश्न इथे वायफळ नाही.

(जाता जाता कामाची गोष्ट: आरोग्य विम्याच्या नियमांत सौंदर्यासाठीची सर्जरी वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. क्लेम करण्याआधी पॉलिसीतलं ते कलम नीट वाचा.)

चरबीचं कलम बांधतात कसं?

कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाच्या खड्ड्यात बसवली होती. १९८० च्या दशकात लायपोसक्शन रुळलं आणि चरबी सुरीने न कापता नळीने ओढून घेता यायला लागली. पुढे न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती काढायची, स्वच्छ करायची आणि भरायची शिस्तशीर पद्धत मांडली. आजची बहुतेक तंत्रं तिच्याच वळणाने जातात.

आधी पोट किंवा मांडीत पातळ औषधी द्रव सोडून बारीक, बोथट टोकाच्या नळीने चरबी ओढतात. मग ती गाळून, धुऊन किंवा यंत्रात फिरवून तिच्यातलं रक्त, पाणी आणि फुटलेल्या पेशींचं तेल वेगळं करतात. उरलेली चरबी छोट्या सिरिंजमध्ये घेऊन हव्या त्या जागी अगदी कणाकणाने, वेगवेगळ्या थरांत सोडतात.

आता मुख्य प्रश्न. १०० मिलिलिटर भरली, तर वर्षभराने किती उरते? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. इतका मोठा फरक पडतो म्हणूनच आहाराचे सल्ले इतके खपतात. निकालाची खात्री नसली की माणूस आपल्या हातातलं काहीतरी शोधतो, आणि ताट तर हातातच असतं.

चरबी रोपणाची अडचण समजायला पुण्याची एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि युरोपातले सर्जन चकित झाले. त्या शस्त्रक्रियेची खुबी अशी, की कपाळाची कातडी पूर्ण कापलेली नव्हती. दोन भुवयांमध्ये ती जोडलेलीच ठेवली होती. नव्या जागी जीव धरेपर्यंत तिला जुन्या जागेचं रक्त मिळत राहिलं.

चरबी रोपणात ही सोय नाही. नळीने ओढलेल्या चरबीचं जुन्या जागेशी नातं पूर्ण तुटलेलं असतं. आंब्याचं कलम बांधताना तोडलेली काडी जशी खुंटाशी जुळेपर्यंत स्वतःच्या ओलाव्यावर तग धरते, तशी ही चरबी. फरक एवढाच, की काडीकडे काही आठवडे असतात आणि चरबीच्या पेशीकडे काही तास.

पहिल्या तीन दिवसांत सगळं ठरतं

भरल्यानंतर पहिले एक-दोन दिवस चरबीच्या कणांना रक्त मिळतच नाही. आजूबाजूच्या द्रवातून जो ऑक्सिजन झिरपेल, त्यावर भागवायचं. पण झिरपून ऑक्सिजन फार खोल जात नाही. टोकियोतल्या कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की प्रत्येक कणाचे साधारण तीन भाग पडतात. अगदी बाहेरचा थर, जेमतेम ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, तेवढाच जसाच्या तसा जगतो. त्याच्या आतल्या थरात चरबीच्या पेशी साधारण दिवसभरात मरतात, पण त्यांच्यासोबत असलेल्या जास्त चिवट मूळ पेशी तीनेक दिवस तग धरतात आणि त्यांच्यापासून नव्या चरबीपेशी तयार होतात. सगळ्यात आतला भाग मात्र मरतो. शरीर तो हळूहळू शोषून घेतं. तुकडा मोठा असेल तर तिथे तेलाची पिशवी किंवा कडक गाठ उरते.

म्हणून निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो. सर्जनने चरबी किती बारीक कणांत पसरली. जिथे भरली तिथलं रक्ताभिसरण कसं आहे (रेडिएशन घेतलेल्या किंवा जळालेल्या जागी ते कमजोर असतं, म्हणून तिथे चरबी जास्त जिरते). आणि पहिल्या आठवड्यांत त्या जागेवर दाब पडला का.

या यादीत तूप कुठेच नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे.

आपण खाल्लेली चरबी आतड्यातून रक्तात येते ती सूक्ष्म थेंबांच्या रूपात. चरबीच्या पेशीत शिरण्याआधी हे थेंब फोडावे लागतात. ते काम करणारं एन्झाइम असतं केशवाहिन्यांच्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर. म्हणजे केशवाहिनी असेल तरच जेवणातलं तूप पेशीपर्यंत पोचणार. आणि नव्याने भरलेल्या चरबीत पहिल्या दिवसांत नेमकी तीच नसते! शिवाय ती पेशी उपाशी नसते. ती चरबीने आधीच तुडुंब भरलेली आहे. तिला हवाय ऑक्सिजन. गोदाम धान्याने भरलेलं, आत माणूस गुदमरतोय, रस्ता झालेला नाही, आणि आपण बाहेर आणखी पोत्यांचे ट्रक उभे करतोय, असा हा प्रकार आहे.

मग तूप-लाडू खाऊन ‘फरक पडला’ असं सांगणारे खोटं बोलतात का? तसं नाही. भरल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सूज असते, त्यामुळे गाल छान भरलेले दिसतात. सूज उतरते, मेलेला भाग शोषला जातो, आणि महिना-दोन महिन्यांनी गाल बसल्यासारखे वाटतात. माणूस घाबरतो आणि खाणं वाढवतो. वजन तीन-चार किलोने वाढतं, चेहरा पुन्हा भरतो. श्रेय जातं तुपाला. भरलेला असतो तो सगळाच माणूस, कंबरेसकट. जी पेशी तीन दिवसांत मेली, ती तीन महिन्यांनी खाल्लेल्या लाडवाने परत येत नाही.

हापूस तो हापूसच

आहाराचा खरा परिणाम इथून पुढे सुरू होतो, आणि तो रील्समध्ये सांगतात त्याहून वेगळा आहे.

रायवळच्या खुंटावर हापूसचं कलम बांधलं, तरी आंबा हापूसच लागतो. चरबीचंही बरंचसं तसंच आहे. जी चरबी नव्या जागी जगली, ती आपल्या जुन्या जागेचा स्वभाव घेऊन येते. पोटाची चरबी गालात गेली तरी वजन वाढल्यावर पोटासारखी फुगू शकते. व्हिएन्नाचे डॉक्टर जूलियस बाउअर यांनी नोंदवलेलं एक उदाहरण आजही सांगितलं जातं. १२ वर्षांच्या मुलीचा हात भाजला, म्हणून हाताच्या मागच्या बाजूला तिच्या पोटाची कातडी लावली. १८ वर्षांनी ती बाई लठ्ठ झाली, तेव्हा हातावर चरबीची अशी गादी तयार झाली की ती काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. हाताला कळलंच नव्हतं की तो आता हात आहे.

उलटंही तितकंच खरं. २००८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की मोठेपणी आपल्या चरबीपेशींची संख्या जवळपास ठरलेली असते. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी संख्या तीच राहते, पेशी फक्त आकसतात. याचा इथे अर्थ असा, की ऑपरेशननंतर आठ-दहा किलो वजन उतरवलं तर भरलेली चरबीही सगळ्यांबरोबर आकसणार. गाल पुन्हा बसणार, स्तनाचा खळगा पुन्हा दिसणार.

म्हणून अनुभवी सर्जन पहिल्याच भेटीत विचारतात, की गेले काही महिने वजन स्थिर आहे का? डाएट चालू आहे का? लग्नाच्या हॉलची तारीख ठरली म्हणून दीड महिन्यात दहा किलो उतरवायचे आणि लगेच गालात चरबी भरून घ्यायची, हा सगळ्यात वाईट क्रम. उतरवलेलं वजन बहुतेकदा परत चढतं आणि ग्राफ्टही त्याच्यासोबत चढतो. वजन कमी करायचंच असेल तर आधी करायचं, काही महिने तिथे थांबायचं, मग चरबी भरायची.

यात आता इंजेक्शनांची भर पडली आहे. वजन कमी करणारं मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. झपाट्याने वजन उतरलं की चेहरा ओघळतो, आणि मग गालात चरबी भरायची मागणी होते. पण इंजेक्शन चालू असताना भरलेली चरबीही आकसायचीच. शिवाय या औषधांनी भूक मरते, त्यामुळे ताटातली प्रथिनं कमी होतात, आणि पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. भूल देताना पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून ही गोष्ट लपवू नका. भूलतज्ज्ञाला सांगा, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा.

मग ताटात काय हवं?

सरळ सांगायचं तर असं कोणतंही ‘फॅट ग्राफ्ट डाएट’ नाही. अमुक चमचे तुपाने अमुक टक्के चरबी टिकते, असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. पण शरीराला दोन ठिकाणच्या जखमा भरायच्या असतात. एक जिथून चरबी ओढली ती, दुसरी जिथे भरली ती. नव्या केशवाहिन्या बांधायच्या असतात. त्याला लागतं बांधकामाचं साहित्य, म्हणजे मुख्यतः प्रथिनं, लोह आणि क जीवनसत्त्व. आपल्याकडे नेमकं तिथेच पाणी मुरतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर ही गरज १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत धरतात, म्हणजे ७० ते ९० ग्रॅम. आता हिशेब करा. वरणाच्या वाटीत ३० ग्रॅम डाळ शिजली असेल, तर त्यातून ६-७ ग्रॅम. एका अंड्यातून ६. मूठभर शेंगदाण्यांतून ७-८. दोन वेळा पोळी-भाजी आणि मधे चहा-खारी असा दिवस असेल, तर ७० चा आकडा लांबच राहतो. सकाळी ७ च्या लोकलला पळणाऱ्या आणि रात्री पोळीभाजी केंद्रातून पार्सल आणणाऱ्या घरांत हे सहज होतं.

उपाय महागडा नाही. मटकीची किंवा चवळीची उसळ, पिठलं, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, अंडी, चिकन, मासे. कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत सुके बोंबील, सुकट, जवळा हे प्रथिनांचं कोठारच पडलेलं असतं. फक्त त्यातलं मीठ धुऊन घ्यायचं, कारण पहिल्या आठवड्यांत जास्त मिठाने सूज रेंगाळू शकते. लोणचं, पापड, वेफर्स आणि कोपऱ्यावरचं चायनीज यांनाही हेच लागू. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

लोहाचं चित्र जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना ॲनिमिया आढळला. म्हणजे फॅट ट्रान्सफरच्या चौकशीला आलेल्या दोघींपैकी एकीचं हिमोग्लोबिन आधीच कमी असण्याची शक्यता आहे, आणि लायपोसक्शनमध्ये थोडं रक्त आणखी जातं. ज्या पेशींचं जगणं-मरणं ऑक्सिजनवर ठरतं, त्यांना तो पोचवणारं रक्तच पातळ! म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासायचं, कमी असेल तर औषधाने वाढवायचं आणि मगच तारीख घ्यायची. अळिवाचा लाडू इथे खरोखर कामाचा, पण तो त्यातल्या लोहासाठी, तुपासाठी नाही. जेवणावर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला की कमी.

आता घरच्या पथ्याबद्दल. भात, तूरडाळ किंवा अंडं खाल्ल्याने टाक्यांत पू होत नाही. पू होतो जंतूंमुळे. रक्तातली साखर वाढलेली असेल, तर जंतूंचं फावतं आणि जखम रेंगाळते. म्हणजे मधुमेह असलेल्या माणसाने वरण सोडून साबुदाण्याची खिचडी खाणं हा उलटा उपाय झाला. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस असे उपवास ऑपरेशननंतरच्या महिन्यात येत असतील, तर सर्जनला सांगून तारीख पुढेमागे करून घेणं सोयीचं. ज्यांना उपवास सोडायचाच नाही, त्यांना दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा यांवर बऱ्यापैकी भागवता येतं.

ताटाबाहेरची एक गोष्ट मात्र ताटातल्या सगळ्यावर पाणी फिरवू शकते. तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे ज्या रस्त्यांवर सगळी भिस्त आहे तेच अरुंद होतात. सिगारेट ओढता का, असं विचारलं की बहुतेक बायका नाही म्हणतात आणि ते खरंही असतं. पण सकाळी दातांना मिश्री लावता का, हे कुणी विचारत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर साधारण चार-चार आठवडे सिगारेट, गुटखा, मिश्री, व्हेप सगळंच बंद ठेवायला सांगतात.

ऑपरेशनचा दिवस आणि नंतरचे आठवडे

भूल द्यायची असेल तर हलकं जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. तळकट जेवणाला आठ तास. दुधाचा चहा ‘पाण्यात’ मोडत नाही, त्यालाही सहा तासच. पहाटे उठून ‘फक्त अर्धा कप’ घेतला म्हणून रद्द झालेली ऑपरेशनं कुठल्याही भूलतज्ज्ञाला विचारा.

फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या अशा ‘नैसर्गिक’ कॅप्सूल रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून बरेच सर्जन त्या दोन आठवडे आधी थांबवतात. फोडणीतला लसूण चालतो. हृदयासाठी ॲस्पिरिनसारखं औषध चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि दाब. नितंबात चरबी भरली असेल तर साधारण दोन आठवडे थेट बसायला मनाई असते. कल्याण ते सीएसएमटी फास्ट लोकलने तासाभराचा प्रवास. सीट मिळाली तर दाब, नाही मिळाली तर तासभर गर्दीत उभं राहणं. सुट्टी ठरवताना हा हिशेब आधीच करायला हवा. या प्रकाराचा उल्लेख आलाच आहे तर हेही: नितंबात चरबी भरताना ती स्नायूतल्या मोठ्या शिरांत गेली तर जीव जाऊ शकतो. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अशा मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३,००० ऑपरेशनांमागे एक इतकं धरलं गेलं होतं. त्यानंतर चरबी फक्त कातडीखाली भरण्याचे नियम कडक झाले. हा धोका कुठल्याही आहाराने कमी होत नाही, तो भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. म्हणून पाटीवर कितीही पदव्या असल्या तरी त्यांत प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का, हे बघा. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येते.

निकाल बघायची घाई मात्र करू नका. पहिल्या महिन्यातला फोटो सुजेचा असतो. आकार साधारण तीन ते सहा महिन्यांत स्थिरावतो, पुन्हा भरायची गरज आहे का ते तेव्हाच ठरवतात. त्या भेटीला जाताना ऑपरेशनच्या दिवशीचं वजन कागदावर लिहून न्या. काट्यावरचा आजचा आकडा त्याच्या जवळपास असेल, तर आरशात दिसणारा फरक ग्राफ्टचा आहे. चार-पाच किलोंनी इकडेतिकडे असेल, तर सर्जनलाही आधी तेवढं वजा करूनच बघावं लागेल.